बाप, मुलगा, नातू : विजापुरातल्या तीन शाही कबरी एका दिवसात

दगडफूल

विजापूरला याआधी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा एकच झालं. सोलापूरहून सकाळी निघायचं, गोल घुमटाच्या पायऱ्या चढायच्या, वर टाळ्या वाजवायच्या, एकमेकांची नावं पुकारायची आणि उरलेल्या वेळात जमेल ते बाकीचं उरकायचं. या खेपेला क्रम बदलला. आदिलशाहीतल्या सलग तीन पिढ्यांच्या कबरी वयाच्या क्रमाने पाहायच्या असं ठरवून गेले: आधी दुसऱ्या इब्राहिमचा रोजा (म्हणजे कबरीची वास्तू), मग त्याच्या मुलाचा, महंमद आदिलशहाचा गोल घुमट, आणि शेवटी नातवाची, दुसऱ्या अलीची अर्धवट राहिलेली बारा कमान. दिवसभर जे दिसलं ते मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

इब्राहिम रोजा शहराच्या पश्चिमेला, जुन्या तटाबाहेर आहे. उंच चौथऱ्यावर पूर्वेला कबर आणि पश्चिमेला मशीद, दोघी समोरासमोर, मध्ये हौद. आकाराने दोन्ही इमारती फार मोठ्या नाहीत. कोपऱ्यांवरचे मनोरे, त्यांच्यामध्ये लहान लहान मनोऱ्यांची रांग, खाली दगडी तोड्यांवर पेललेला खोल छज्जा, आणि या सगळ्याच्या वर पाकळ्यांतून उमललेल्या कळीसारखा घुमट. मशिदीच्या छज्ज्याला दगडी साखळ्या आहेत. एका दगडातून कोरून काढलेल्या, कडीत कडी अडकवलेल्या. काळ्या दगडात एवढं नाजूक काम करायचं ठरवणाऱ्याची हिंमत मला आधी दिसली, कौशल्य त्याच्यानंतर.

पण मी तासभर बसले ती कबरीच्या ओवरीत. कबरीच्या खोलीभोवती चारी बाजूंनी खांबांची ओवरी आहे आणि आतल्या भिंतींवर जागा म्हणून रिकामी सोडलेली नाही. अक्षरं, वेली, भौमितिक नक्षी. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या पाहाव्यात. आपल्याकडे जाळी म्हटलं की षटकोन, तारे, फुलं डोळ्यांसमोर येतात. इथे जाळी अक्षरांचीच आहे. अरबी वचनं एकमेकांत गुंफली आहेत आणि अक्षरांच्या मधला दगड काढून टाकलाय. त्या मोकळ्या जागेतून उजेड आत येतो. म्हणजे अक्षर दगडाचं आणि त्याची पार्श्वभूमी उजेडाची. आतल्या अंधारात उभं राहून त्या खिडकीकडे पाहिलं तेव्हा मला काही वेळ हलताच आलं नाही.

आत सहा कबरी आहेत. इब्राहिम, त्याची राणी ताज सुलताना, त्याची आई, मुलगी आणि दोन मुलगे. रोजा उभारण्याची आज्ञा ताज सुलतानाची होती असं तिथल्या शिलालेखात आहे. काम पाहणाऱ्याचं नावही कोरलेलं आहे: मलिक संदल. खर्च दीड लाख हून (सोन्याची नाणी) आणि वर नऊशे. त्या वरच्या नऊशेंमुळे मला तो हिशेब खरा वाटतो.

हा इब्राहिम म्हणजे स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेणारा, दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिणारा, त्यात सरस्वती आणि गणपतीला वंदन करणारा राजा. गाण्यात इतका बुडालेला की १५९९ मध्ये नवं नगर वसवायला घेतलं तर त्याचं नावही नौरसपूर. त्याची कबर अशी असावी हे पटतं. सगळी इमारत तपशिलात रमते.

मग गोल घुमट. बापाकडून मुलाकडे आलं की क्षणात लक्षात येतं, मुलाने बापाशी नक्षीत स्पर्धा केलीच नाही. भिंती जवळजवळ कोऱ्या. चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी बुरूज, मध्ये एक चौरस दालन आणि त्यावर एकच घुमट. वर जाण्याआधी खाली, कबरींच्या चौथऱ्याजवळ उभं राहून मान वर करा. चौरसाचा गोल कुठे झाला हे डोळ्यांनी शोधा. मला ते या वेळी पहिल्यांदा दिसलं आणि चाळिशी ओलांडून गेल्यावर दिसलं याची हळहळ वाटली.

बारा कमान संध्याकाळी. त्याबद्दल फार लिहिता येत नाही. छत नाही, घुमट नाही, नुसत्या काळ्या टोकदार कमानी आणि मधोमध कबरी. अली १६५६ मध्ये गादीवर आला, १६७२ मध्ये गेला, आणि काम तिथेच थांबलं. त्याच्यामागे गादीवर बसलेला सिकंदर तेव्हा लहान मूल होता. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आदिलशाही संपली.

तुमच्यापैकी कोणी या तिन्ही पाहिल्या आहेत का? त्या चौरसाच्या गोलाबद्दल कोणी नीट समजावून सांगेल का?

सोलापूरकर

वा! लहानपणापासून दरवर्षी पाहुण्यांना घेऊन जाणारा मी, पण वयाच्या क्रमाने पाहायचं कधी सुचलं नाही. सोलापूर ते विजापूर साधारण शंभर किलोमीटर, सकाळी लवकर निघालात तर तिन्ही आरामात होतात. गोल घुमट मात्र उघडल्या उघडल्या गाठा. दहानंतर शाळांच्या सहली आल्या की सज्ज्यात स्वतःचा आवाजसुद्धा ओळखू येत नाही.

जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट आपल्या इतक्या जवळ आहे आणि आपण तिथे फक्त ओरडायला जातो, हे तुमचं म्हणणं मनाला लागलं.

ओळंबा

सोलापूरकर, 'दुसऱ्या क्रमांकाचा' हे आपण सगळेच म्हणतो, पण मापं पाहिली तर ते जुळत नाही. गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट. रोमचं पँथिऑन सुमारे १४२ फूट आणि सेंट पीटर्स सुमारे १३६ फूट. गोल घुमट बांधला गेला तेव्हा हे दोन्ही उभे होते. पण त्याचं मोठेपण वेगळ्या मापात आहे. मधे एकही खांब न घेता एका घुमटाखाली किती जमीन झाकली, हे मोजा. गोल घुमटाचं दालन सुमारे १८,३३७ चौरस फूट भरतं, पँथिऑनचं १५,८३३. गोल दालनावर गोल घुमट ठेवणं त्या मानाने सरळ काम आहे. इथे खाली चौरस आहे, बाजू सुमारे १३५ फूट.

दगडफूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. मी वास्तुरचना शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

कागदावर एक चौरस काढा. त्याच मापाचा दुसरा चौरस ४५ अंशांत फिरवून त्यावर ठेवा. आठ टोकांची चांदणी होते आणि तिच्या आत अष्टकोन उरतो. आता प्रत्येक रेघेच्या जागी एक कमान उभी करा. आठ कमानी, एकमेकींना छेदत जाणाऱ्या. जमिनीपासून सुमारे ५७ फुटांवर दालन आत झुकायला लागतं आणि या कमानींच्या मधले त्रिकोणी पडदे वर जाता जाता चौरसाचे कोपरे गिळत जातात. वर उरतं ते ९७ फूट व्यासाचं वर्तुळ.

इथे खरी गंमत आहे. उघडी जागा ९७ फूट, पण घुमट त्या काठावर बसवलेला नाही. तो मागे सरकवून १२४ फुटांच्या वर्तुळावर बसवला आहे. मधे जी कंगोऱ्यासारखी जागा उरली, तोच आपला सज्जा. आपण जिथे उभं राहून कुजबुजतो ती जागा मुद्दाम कुजबुजण्यासाठी केलेली नाही, ती वजनाच्या हिशेबातून निघाली आहे.

कारण असं की घुमट तळाशी नेहमी बाहेर ढकलतो. दहा फूट जाडीचा एवढा घुमट तर भिंती फोडूनच बाहेर येईल. उलट ते आत झुकलेलं बांधकाम आत पडायला बघतं. एक बाहेर ढकलतो, दुसरं आत ओढतं, आणि दोघांची ओढाताण तिथल्या तिथे मिटते. मग बाहेरच्या भिंतींना मोठे आधार द्यावे लागत नाहीत. वर्गात हे मी फळ्यावर काढून दाखवतो, पण त्या दालनात उभं राहून मान वर केल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते फळ्यासमोर कधी उमटलं नाही.

पायवाट

खूप सुंदर समजावलंत. मी वही घेऊन दोन चौरस काढून पाहिले, लगेच कळलं!

सज्ज्यातली कुजबुज पलीकडे कशी पोहोचते तेही सांगाल का? आणि एक व्यावहारिक प्रश्न. आईला न्यायचं आहे, वय ७१, गुडघे दुखतात. जिना झेपेल का?

दगडफूल

पायवाट, जिना बुरुजातून आहे, अरुंद, पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी झिजलेल्या. गुडघे दुखत असतील तर आग्रह करू नका. खालून जे दिसतं ते सज्ज्यातून दिसत नाही, त्यामुळे वर गेलं नाही म्हणून काही चुकलं असं मुळीच नाही. आईंना दालनात निवांत बसवा. इब्राहिम रोजाला चौथऱ्याच्या पायऱ्या तेवढ्या आहेत, त्या हात धरून होतील. माझ्या मते आईंसाठी तोच दिवसाचा मुख्य कार्यक्रम ठेवा.

ओळंबा

कुजबुजीचं थोडक्यात. मोकळ्यावर बोललो की आवाज चारी दिशांना पसरून विरतो. गुळगुळीत गोल भिंतीजवळ तोंड नेऊन बोललो तर तो भिंतीला धरून पुढे पुढे सरकतो, कारण प्रत्येक टप्प्यावर भिंत त्याला पुन्हा आपल्याकडे वळवते. म्हणून पलीकडे भिंतीला कान लावलेल्याला ऐकू येतं आणि दोन हात पुढे उभ्या असलेल्याला येत नाही. टाळीचे एकामागून एक ऐकू येणारे पडसाद हा याहून वेगळा प्रकार, त्यात आवाज घुमटात वरखाली आपटत राहतो.

अलिफबे

उशिरा वाचला धागा. मी फारसी शिकते आहे, दुसरं वर्ष. गोल घुमटाच्या दक्षिण दारावर तीन चौकटींत लेख आहे, त्याच्या खालून हजारो माणसं रोज जातात. तो वाचायला आला तेव्हाचा आनंद इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तीनही ओळी महंमद आदिलशहाच्या मृत्यूचं वर्ष सांगतात, पण आकडा कुठेही लिहिलेला नाही. आपल्याकडे शिलालेखात शक सांगताना चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, बाण म्हणजे पाच असे शब्द येतात, तशीच ही पद्धत. फक्त इथे शब्दांऐवजी प्रत्येक अक्षराला किंमत असते.

तीनपैकी एक ओळ अशी: 'आकिबत-ए-मुहम्मद महमूद शुद'. अर्थ, महंमदाचा शेवट स्तुत्य झाला. आता बेरीज करा. आकिबतची अक्षरं ऐन ७०, अलिफ १, क़ाफ १००, बे २, ते ४००, मिळून ५७३. मुहम्मद म्हणजे मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, मिळून ९२. महमूदचे ९८. शुदचे शीन ३०० आणि दाल ४, म्हणजे ३०४. सगळं मिळून १०६७. हिजरी १०६७ म्हणजे इसवी सन १६५६ च्या शेवटी सुरू झालेलं वर्ष, आणि त्याच नोव्हेंबरात महंमद आदिलशहा गेला.

शिवाय मुहम्मद आणि महमूद हे दोन्ही शब्द एकाच धातूचे, स्तुती या अर्थाचे. नाव, प्रार्थना आणि तारीख चार शब्दांत. बाहेरून भिंती कोऱ्या आहेत हे खरं, पण दारावर असं काही लिहून ठेवलंय की नक्षीची उणीव मला तरी जाणवत नाही.

सोलापूरकर

अलिफबे ताई, कागद घेऊन बेरीज केली. १०६७. अंगावर काटा आला. पन्नास वर्षं त्या दाराखालून जातोय.

मराठी म्हणून एक जोडतो. या शहराकडे आपण बहुतेक वेळा अफजलखानाच्या संदर्भातच पाहतो, आणि ते साहजिक आहे. पण शहाजीराजे याच महंमद आदिलशहाच्या दरबारचे सरदार होते. गोल घुमट उभा राहत होता तो हाच काळ. शिवाय नौरसपूर उद्ध्वस्त केलं ते निजामशाहीच्या मलिक अंबरने, १६२४ मध्ये, भातवडीच्या लढाईनंतर. भातवडी आपल्या नगर जिल्ह्यात. म्हणजे इब्राहिमच्या संगीतनगरीची राख आणि आपला इतिहास एकाच पानावर येतात. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, त्याची कबर खुलताबादेत. इब्राहिम पुढच्याच वर्षी गेला. दोघांच्या कबरी पाठोपाठ पाहाव्यात असं आता वाटू लागलंय.

पायवाट

खुलताबाद म्हटलं की जवळचा बीबी का मकबरा आठवला. मी तो अनेकदा पाहिलाय आणि ताजमहालाची गरीब नक्कल हे ऐकत ऐकतच पाहिलाय. आता वाटतं, या धाग्यावर जसं पाहिलं जातंय तसं तिथेही पाहायला हवं. विजापूरच्या कबरी आणि मकबरा यांत नेमका फरक काय सांगाल?

ओळंबा

मोठा विषय आहे, एकच गोष्ट सांगतो. मकबरा मुघल पद्धतीचा: चारबाग (चार भागांत आखलेली बाग), मधून पाण्याची सरळ रेघ, लांबूनच संपूर्ण इमारत एका दृष्टिक्षेपात. तो चालत चालत जवळ येण्यासाठी रचलेला आहे. इब्राहिम रोजा लांबून पाहिलात तर अर्धाही दिसत नाही. तो हातभर अंतरावरून पाहायचा. त्याचे तोडे, छज्जे, कमळाच्या पाकळ्या यांत इथल्या देवळांवर काम केलेल्या हातांची सवय स्पष्ट दिसते, आणि कमान, घुमट, अक्षर हे इस्लामी परंपरेतून आलेलं. दोन्ही इतकं एकजीव झालंय की शिवण कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. ओवरीतल्या कमानींची रुंदीही एकसारखी नाही, काही रुंद, काही अरुंद. मुद्दाम केलेलं आहे ते. एकसारख्या असत्या तर ओवरी कंटाळवाणी झाली असती.

मकबऱ्याला 'गरीब नक्कल' म्हणणं मला पटत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

चुनागच्ची

मी इथे फारसा लिहीत नाही. पण हा धागा वाचून परवा वडिलांना घेऊन विजापूरला गेलो, म्हणून सांगतो. वडील गवंडी. चाळीस वर्षं काम केलं, शेवटची काही वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत गेली. त्यांनी आजवर विजापूर पाहिलं नव्हतं.

इब्राहिम रोजात त्यांनी अक्षरं, जाळ्या बघितल्या, नमस्कार केला. मग आतल्या खोलीत शिरले आणि वर पाहून एकदम म्हणाले, "हे कशावर उभं आहे?" दगडफूल, तुम्ही छताबद्दल काहीच लिहिलं नाहीत! खोली साधारण ४० फूट चौरस. भिंतींपासून छत आधी बाक घेऊन आत येतं आणि मधे सुमारे २४ फूट चौरसाचा भाग अगदी सपाट आहे. दगडी लाद्या एकीला एक लावून बसवलेल्या. खाली तुळई नाही, खांब नाही, कमान नाही. घुमट त्याच्याही वर वेगळा.

वडील अर्धा तास तिथेच. सगळीकडून फिरून पाहिलं. मग म्हणाले, लाद्या सेंट्रिंगवर, म्हणजे तात्पुरत्या लाकडी आधारावर, मांडल्या असतील आणि सगळी करामत चुन्याची. चुना असा मुरलेला की लाद्या आणि वरचा थर मिळून एकच दगड झालाय. वाड्याच्या कामात ते चुना मळायच्या घाण्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायचे, तो चुना किती दिवस मुरवायचा यावरून मुकादमाशी त्यांची भांडणं होत. "आम्ही आठ दिवसांत उचलायचो," म्हणाले, "यांनी घाई केलेली नाही."

गोल घुमटात त्यांना आवाजात अजिबात रस नव्हता. खाली उभं राहून त्यांनी आठ कमानी बोटाने मोजल्या. ओळंबा सरांनी सांगितलेले दोन चौरस मी मोबाइलवर काढून दाखवले. ते म्हणाले, "गुण्या दोनदा लावलाय," आणि हसले. गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोन तपासायचं हत्यार.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी बारा कमानीत घालवला. मला वाटलं होतं तिथे पाहण्यासारखं काही नाही. पण त्यांच्या दृष्टीने तिथे काम चालू होतं. इथे दगड घडवून झालाय, इथे अजून व्हायचा होता, ही कमान बंद झाली, पुढच्या थराची तयारी इथवर झाली होती, असं एकेका ठिकाणी हात ठेवून सांगत होते. एका सांध्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "इथवर आला आणि मग निरोप आला असणार."

दगडफूल

चुनागच्ची, छत माझ्याकडून राहिलंच. तासभर बसले ती ओवरीत, खिडक्यांकडे पाहत, आत मान वर केलीच नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना पुन्हा जायचं असेल तर कळवा, मी सोलापूरहून येते. मला ते छत त्यांच्या शेजारी उभं राहून पाहायचं आहे.

चुनागच्ची

सांगितलं. पावसाळ्यानंतर जाऊ म्हणतात. पाऊस झाल्यावर चुना कुठे पाणी धरतो ते दिसतं, म्हणून.